परिवहन मंत्री साहेब, ट्रॉलीच्या मागच्या बाजूकडं बघा

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला शेतकरी आहे, चार एकर द्राक्षबाग, बाकी कांदा आणि थोडा ऊस. घरी ट्रॅक्टर आहे, दोन ट्रॉल्या आहेत आणि गेली बावीस वर्षं मी स्वतः ट्रॉली ओढतोय, त्यामुळं कुणी कारवाला ट्रॅक्टरवाल्यांवर चिडून हे लिहितोय असं कृपा करून समजू नका. आमच्यातलाच माणूस लिहितोय आणि जीव तुटतो म्हणून लिहितोय.

मागच्या पौषात पहाटे साडेपाचला पुतण्या आणि मी बाईकवर नाशिकला निघालो होतो. तो चालवत होता, मी मागं. निफाडची थंडी तुम्ही पेपरात वाचत असालच, त्यात गोदावरीकाठचं धुकं, चांदोरीच्या अलीकडं तर समोरचा पांढरा पट्टासुद्धा दिसेना. आणि एकदम समोर काळी भिंतच. ऊसाची डबल ट्रॉली, मागच्या ट्रॉलीचा एक्सल तुटलेला, भर रस्त्यात उभी. पोरानं ब्रेक मारला, गाडी खडीवर घसरली, आम्ही दोघं आडवे झालो म्हणून ट्रॉलीखाली गेलो नाही. त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना हात गळ्यात होता. ड्रायव्हर मिस्त्री आणायला गेलेला. जाताना त्यानं ट्रॉलीच्या मागं पाच-सहा पावलांवर चार दगड मांडले होते, एवढीच काय ती खूण. पाच-सहा पावलांवर दगड दिसेपर्यंत माणूस ट्रॉलीवर आदळलेला असतो साहेब! आणि ट्रॉली निघून गेल्यावर तेच दगड तिथंच राहतात, मग ते दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जातात.

रुग्णवाहिका येईपर्यंत मोबाईलच्या टॉर्चनं मी ती मागची बाजू बघत उभा होतो. टेल लाईटची पट्टी होती पण बल्ब नव्हते, वायर तुटून लोंबत होती, ऊसाच्या मोळ्या दीड-दोन फूट बाहेर आलेल्या म्हणजे बल्ब असते तरी दिसले नसते. रेडियमचा एक तुकडा नाही. नंबर कधीतरी पेंटनं काढलेला असेल, वर चिखलाचा थर.

संध्याकाळी घरी आलो आणि आधी माझ्याच ट्रॉल्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. काय सांगू, तसंच. ट्रॅक्टरला मागं ट्रॉलीच्या दिव्यांची वायर जोडायला सात पिनचं सॉकेट कंपनीनं दिलेलं आहे पण शोरूममधून आणल्यापासून त्याचं झाकण मी उघडलंच नव्हतं, कारण ट्रॉली ज्यानं बनवून दिली त्यानं तिला वायरच टाकली नव्हती आणि मीही मागितली नव्हती. दुसऱ्या दिवशी पिंपळगावहून इलेक्ट्रिशियन बोलावला. दोन टेल लाईट, इंडिकेटर, वायर, प्लग, मागं लाल आणि बाजूला पिवळं रेडियम. एका ट्रॉलीला अठराशे पन्नास रुपये आणि अर्धा दिवस. द्राक्षाच्या एका फवारणीला याच्यापेक्षा जास्त जातात.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि त्यात ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते, ट्रॉलीचा स्वतःचा नंबर बाजूला आणि सगळ्यात मागं ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर दिसला पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. मागं लाल दिवे आणि रिफ्लेक्टर हेही नियमात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली आणि त्यानं गुन्हा केला तर बापाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद. पण हंगामात कुठल्याही रस्त्यावर उभं राहून बघा, पंधरा वर्षांचं पोरगं स्टेअरिंगवर, टेप फुल आवाजात, मागं हॉर्न वाजवणाऱ्याचं त्याला काही ऐकूच जात नाही.

ट्रॉली ओढणं म्हणजे नुसतं ट्रॅक्टर चालवणं नव्हे. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सगळं ओझं ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी थांबवायचं. त्यात ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायडल, डावं आणि उजवं, वावरात वळताना एकच दाबता यावं म्हणून वेगळे ठेवलेले. रस्त्यावर आलं की ते पट्टीनं एकमेकाला जोडायचे असतात, नाहीतर घाईत एकाच बाजूला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. किती जण जोडतात? राहूड घाटाच्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे मी डोळ्यानं बघितलेत, मागून पाच-सहा टन कांदा ढकलतोय आणि इंजिनचा आधार सोडून दिलेला. दोन चाकी ट्रॉलीत माल मागं जास्त भरला की हूक उचलायला लागतो आणि ट्रॉली हेलकावे खाते, पुढं जास्त भरला की हूकवर भार येऊन ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. हे कुठल्या लायसनच्या परीक्षेत विचारतात? माझं लायसन आठाच्या आकड्यावर गाडी फिरवून मिळालं, ट्रॉली रिव्हर्स घेताना स्टेअरिंग उलटं फिरवायचं असतं हे वडिलांनी मळ्यात शिकवलं.

आणि हे फक्त शेतकऱ्यापुरतं राहणार नाही. आता कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, पर्यटनाचं चाललंय, गंगापूर धरणाकडं आणि वायनरींकडं लोक उद्या कारच्या मागं कॅरॅव्हॅन लावून येतील, चांगलंच आहे, यावं. पण जोडून ओढायची कॅरॅव्हॅन कायद्याला ट्रेलरच आणि रस्त्यालाही ट्रेलरच. वजन मागं गेलं की तीही कांद्याच्या ट्रॉलीसारखीच हेलकावे खाते, फक्त स्पीड तिप्पट असतो. त्यांनाही हेच शिकवायला लागणार.

आता माझं मागणं. फक्त दंड वाढवू नका. दंडाच्या भीतीनं लोक मेन रोड सोडून आडरस्त्यानं जातात, तिथं तर अंधार आणखी जास्त. सगळ्या ट्रॉल्या वर्षात दोन ठिकाणी हमखास येतात, एक बाजार समितीचं गेट आणि दुसरा साखर कारखान्याचा वजनकाटा. लासलगाव, पिंपळगावला लिलावाच्या दिवशी पहाटेपासून लाईन लागते, माणूस तीन-तीन तास ट्रॉलीवर बसून असतो. त्या तीन तासात आरटीओचे दोन इन्स्पेक्टर, एक इलेक्ट्रिशियन आणि रेडियमचे रोल एवढं तिथं उभं करा. ज्याच्या ट्रॉलीला दिवे नाहीत त्याला तिथंच बसवून द्या, पैसे मालाच्या हिशोबपट्टीतून कापा, एकही शेतकरी कुरकुर करणार नाही याची मी खात्री देतो. कारखान्यांना सांगा, हंगाम सुरू व्हायच्या आधी करारातल्या प्रत्येक ट्रॅक्टरची मागची बाजू तपासा, आणि दिवे नसलेली ट्रॉली अंधारात काट्यावर आली तर दुसऱ्या खेपेला सोडू नका. जे ट्रॉल्या बनवतात त्यांच्याकडून वायर, प्लग आणि रिफ्लेक्टर लावल्याशिवाय एकही ट्रॉली बाहेर पडता कामा नये. सगळ्या कामाची सुरुवात खरं तर तिथूनच व्हायला पाहिजे. आणि प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये लाल त्रिकोण असला पाहिजे, दगडाऐवजी.

हे सगळं ऑक्टोबरच्या आत व्हावं. कारण नंतर ऊस सुरू होतो, धुकं सुरू होतं आणि पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या त्र्यंबकेश्वरला पायी निघतात. प्रत्येक दिंडीच्या मागं सामानाची ट्रॉली असते, पहाटे अंधारात म्हातारी माणसं तिच्या आजूबाजूनं अभंग म्हणत चालतात आणि मागून येणाऱ्या गाडीला ट्रॉलीही दिसत नाही आणि वारकरीही दिसत नाही. २०२७ ला सिंहस्थ आहे, रस्ता माहीत नसलेले हजारो ड्रायव्हर रात्री याच रस्त्यांवर असणार.

साहेब, नाशिकला दौरा असेल तेव्हा एक दिवस पहाटे पाचला चांदोरीला या. माझी ट्रॉली दिवे लावून उभी करतो आणि शेजारी बिनदिव्याची दुसरी उभी करतो. तुम्ही शंभर पावलं मागं जाऊन बघा.

आपला,
निफाड तालुक्यातला एक शेतकरी