एकतर्फी निकाल लागला, पैसे कुठे?

महोदय,
चीनमधला ऑनलाइन विक्रेता नकली माल विकतो, कोर्टात फिरकत नाही, निकाल एकतर्फी लागतो. पण एकमेकांच्या कोर्टांचे निकाल राबवणाऱ्या देशांच्या यादीत (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 44अ) चीन नाही, त्यामुळे वसुली अडते. मिरज-कुपवाडच्या सुट्या भागांच्या कारखानदारांनी दाव्यासोबतच, ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलकडे जमा असलेली विक्रेत्याची रक्कम गोठवण्याचा अर्ज द्यावा. नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 134 नुसार दावा सांगलीतच लावता येतो.

नमुना मागवून पार्सल उघडताना न थांबता सलग चित्रीकरण करा. पाठवणाऱ्याचे लेबल फाडू नका. समन्सबाबत सर्वाधिक चूक होते! परदेशात समन्स बजावण्याच्या हेग या आंतरराष्ट्रीय कराराखाली चीनला टपाली बजावणी मान्य नाही. चिनी भाषांतरासह ते तिथल्या मध्यवर्ती प्राधिकरणामार्फतच पाठवावे, नाहीतर एकतर्फी हुकूमनामा रद्द होऊ शकतो.

– एक वकील, सांगली