आई, त्या ग्रहणाचा यात काही दोष नाही

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर माझ्या हृदयाच्या झडपेत जन्माचा दोष निघाल्याचं सांगितलं, तर आईला रडू आलं आणि बाबांनी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून मन लागत नाही. फोनवर माझं निम्मं सांगायचं राहून जातं आणि उरलेलं निम्मं तुम्ही दोघं काळजीने भरून काढता. म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. धाकट्याला मोठ्याने वाचायला सांगा.

आई, आधी तुझं. तू म्हणालीस, "मी ग्रहणात विळीवर गवारी चिरली, त्याचंच हे." पंचेचाळीस वर्षं हे पोटात ठेवून तू वावरलीस आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. ते ग्रहण १६ फेब्रुवारी १९८० चं. कारवार-हुबळीकडे दुपारी काळोख झाला होता, आपल्याकडे सूर्याची कोर तेवढी उरली होती. आजीने तुला खोलीत निजवून ठेवलं होतं, पण संध्याकाळच्या स्वयंपाकाचा घोर म्हणून तू उठलीस. आता हिशेब कर. माझा जन्म जूनचा, म्हणजे ग्रहणाला तुला सहावा महिना होता. बाळाच्या हृदयाच्या झडपा पोटात पहिल्या दोन-सव्वादोन महिन्यांत घडतात. माझ्या झडपा १९७९ च्या दिवाळीच्या आगेमागेच घडून गेल्या होत्या. जे व्हायचं ते तुला दिवस गेल्याचं नीट कळेपर्यंत होऊनही गेलं होतं. विळीचा, गवारीचा, ग्रहणाचा यात काडीचाही संबंध नाही, आणि तुझा तर नाहीच नाही.

आता नेमकं काय आहे ते. बाबा, तुम्ही शेजारी "पोराच्या काळजाला भोक आहे" असं सांगितलंत म्हणे. भोक नाही. हृदयातून सगळ्या अंगाला रक्त नेणारी मोठी नळी निघते, ती महाधमनी. तिच्या तोंडाशी एक झडप असते आणि त्या झडपेला बेलाच्या पानासारखी तीन दलं असतात. माझ्या झडपेची दोन दलं जन्मापासूनच एकमेकांना चिकटलेली आहेत, त्यामुळे ती दोनदली झाली. डॉक्टर तिला बायकस्पिड एऑर्टिक व्हॉल्व्ह म्हणतात. शंभरात एखाद-दोन माणसांना ही असते, बाईपेक्षा पुरुषाला जास्त. बहुतेकांना चाळीस-पन्नाशीपर्यंत काही जाणवतच नाही. मला तरी कुठे जाणवलं? कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप एकदा लावला, काढला आणि पुन्हा लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. झडपेतून रक्त जाताना फुसफुस असा आवाज येत होता. लगेच टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला पाठवलं, तिथे सगळं दिसलं.

बाबा, विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पाणी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो नीट मिटला नाही तर पाइप रिकामा होतो, नीट उघडला नाही तर मोटर ताण घेते. माझी झडप त्यातल्या दुसऱ्या जातीची, नीट न उघडणारी. दिवसाला लाखभर वेळा उघडमीट करायची आणि तीही तीनाऐवजी दोन दलांवर, म्हणून झीज लवकर होते, दलांवर कॅल्शियम साचून ती ताठ होतात. निरोगी माणसाची झडप उघडली की तीन-चार चौरस सेंटिमीटर वाट मिळते. माझी १.३ आहे. एकाच्या खाली गेली की गंभीर समजतात. म्हणजे अजून मधल्या टप्प्यावर आहे, आज ऑपरेशनची गरज नाही.

दुसरी गोष्ट मी फोनवर मुद्दाम बोललो नव्हतो. लपवली म्हणून रागावू नका. अशा माणसांची महाधमनीची भिंतही कधीकधी कच्ची असते आणि नळी हळूहळू फुगत जाते. माझी ४.२ सेंटिमीटर झाली आहे. साधारण साडेपाचला पोचली की फाटायचा धोका वाढतो म्हणून ऑपरेशन करतात, काही जणांचं त्याआधीही. दरवर्षी मोजायची, रक्तदाब ताब्यात ठेवायचा आणि श्वास कोंडून भारी वजन उचलायचं नाही. त्यामुळे यंदा खताची पोती मी ट्रॉलीतून उतरवणार नाही, धाकट्यालाच ते करावं लागेल. शहरात राहून पोरगं नाजूक झालं असं कुणी म्हणालं तर तुम्ही दोघं मनाला लावून घेऊ नका. मला चालायला पूर्ण मुभा आहे आणि मी रोज पहाटे पाऊण तास चालतो.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. ही झडप घराण्यात चालू शकते. एखाद्याला ती निघाली की त्याच्या आई-बाप, भाऊ-बहीण, मुलं यांतल्या सुमारे दहातल्या एकाला असू शकते. म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांचा इको करायला सांगितलाय. माझ्या दोन्ही मुलांचा झाला, दोघांच्या झडपा तीनदली आहेत. तो शब्द ऐकला तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडलो. धाकट्याचा राहिलाय, तुमचा दोघांचा राहिलाय.

बाबा, गेल्या चैत्रात जोतिबाला जाताना तुम्ही पायऱ्यांवर दोनदा बसलात. छातीवर हात होता. मी विचारलं तर म्हणालात, वयाचं आहे. असेलही. पण दम लागणं, छाती भरून येणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही याच झडपेच्या दुखण्याची तीन ठळक लक्षणं आहेत. उतारवयात तीनदली झडपही ताठ होते, तेव्हा कोणतंही असलं तरी इकोत कळेल. आजोबा बांधावर बसल्या बसल्या गेले, वय बावन्न. गावाने त्याला नाना नावं दिली. त्यांचं काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तुमचं सांगता येईल, म्हणून माझा एवढा हट्ट आहे.

इकोत ना सुई, ना रेडिएशन. आईची पोटाची सोनोग्राफी झाली होती तसंच, जेल लावून छातीवर यंत्र फिरवतात, अर्ध्या तासात होतं.

आई, पुढे कधी माझी झडप बदलायची वेळ आलीच, तरी घाबरू नकोस. धातूची झडप बसवली तर ती वर्षानुवर्षं टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, सारखी रक्ततपासणी करावी लागते आणि मेथी-पालक रोजच्या बेताने खावा लागतो. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली बसवली तर सहसा ती गोळी कायमची लागत नाही, पण दहा-पंधरा वर्षांत ती पुन्हा बदलावी लागू शकते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या देशात झडप तयार केली. आधीचे नमुने फसले तरी त्यांनी काम सोडलं नाही आणि १९९० साली ती पहिल्यांदा माणसाला बसवली. तेव्हापासून लाखाहून जास्त लोकांच्या छातीत ती चालली आहे. परदेशी झडपेचे पैसे कुठून आणायचे म्हणून जी घरं हात टेकून बसली असती, तीही त्यामुळे उभी राहिली. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला.

बाबा, तुमची ती दुखरी दाढ घरी दोऱ्याने ओढू नका. दातातले जंतू रक्तात गेले की खराब झडपेवर घर करतात. इको झाला की मगच दाताच्या डॉक्टरकडे जाऊ आणि त्यांना रिपोर्ट दाखवू.

येत्या शनिवारी सकाळी मी कोल्हापूरला उतरतो. धाकट्याने तुम्हाला गाडीतून आणावं. वेळ साडेदहाची आहे. उपाशी राहायची गरज नाही, भाकरी खाऊनच निघा. आईने पुढे बटणं असलेलं पोलकं घालावं, बाबांनी जुने सगळे कागद पिशवीत घालून आणावेत, १९९६ सालचा तो पिवळा पडलेला ईसीजीसुद्धा.

तुमचा
थोरला