डॉक्टरांना घाबरवू नका, व्हॅनवाल्यांना सांगा

महोदय,

कालच्या अंकातला वाहनविम्यावरचा लेख वाचला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण 'गाडी धंद्यासाठी वापरत असाल तर कमर्शियल पॉलिसी घ्या' हा त्यातला सल्ला साफ चुकीचा आहे.

आपल्याकडे प्रश्न धंद्याचा नाही, भाड्याचा आणि मालाचा आहे. प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' हे वापराच्या मर्यादांचं कलम असतं. भाडं किंवा मोबदला घेऊन वाहतूक, नमुने व स्वतःचं सामान सोडून इतर माल, शर्यती-वेगचाचण्या आणि गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यातला वापर एवढं त्यात वगळलेलं असतं. बाकी सगळं चालतं. व्हिजिटला जाणारे डॉक्टर, साइटवर जाणारे आर्किटेक्ट, डिकीत सॅम्पलची बॅग ठेवणारे औषध कंपन्यांचे एमआर यांना साधी पॉलिसी पुरते. पगारी ड्रायव्हर असेल तर 50 रुपयांत त्याच्याबाबतची मालकाची कायदेशीर जबाबदारी जोडून मिळते, ती मात्र जरूर जोडावी.

ज्यांना सावध करायचं ते लेखात नाहीतच. महिन्याचे पैसे ठरवून पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी व्हॅनमधून शाळेची मुलं नेणारे, वाशी मार्केटातून क्रेट भरून आणणारे केटरर. क्लेमच्या वेळी नुकसान तपासणारा सर्व्हेअर बंपर बघतो तसा गाडीच्या आतही बघतो. मागची सीट काढलेली, पत्र्यावर क्रेटचे ओरखडे, कोपऱ्यात कांद्याची सालं. व्हॅनमध्ये समोरासमोर ठोकलेली बाकडी. वर पोलिसांपुढच्या जबाबात 'दरमहा पैसे देतो' असं पालकांनी सांगितलं की पुढे काही शाबीत करायचं उरत नाही. गाडीच्या नुकसानीत मग नॉन-स्टँडर्ड तडजोड होते, म्हणजे पूर्ण रकमेऐवजी तिचा काही हिस्साच मिळतो. अशा क्लेममध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2008 आणि 2010 साली 75 टक्क्यांचा हिशोब मान्य केला, पण तो मिळवायला बहुधा ग्राहक आयोगाची पायरी चढावी लागते. जखमींची भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी द्यायला लावतं आणि ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. ही रक्कम लाखांत जाते आणि व्हॅनवाल्याचं घर विकायची वेळ येते.

शिवाय 'कमर्शियल पॉलिसी घ्या' म्हणून ती मिळत नाही. आरसीवर जो वर्ग, तीच पॉलिसी. आधी कर्ज असेल तर बँकेची एनओसी, मग आरटीओत वर्गबदल, कर, फिटनेस, परमिट, भाड्याच्या गाडीची पिवळी पाटी आणि त्यानंतर विमा. 1 जून 2022 पासूनच्या दरांत 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी (दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीचा) वार्षिक हप्ता 3,416 रुपये आहे, टॅक्सीचा 7,940 आणि वर प्रत्येक प्रवाशामागे 978. चार प्रवाशांचे 11,852 झाले, जीएसटी वेगळा. लोक पांढऱ्या पाटीवर का अडून बसतात ते या आकड्यांत दिसतं.

टेम्पोवाल्यांसाठी एक ओळ तरी हवी होती. त्यांच्या पॉलिसीत आयएमटी 23 हे जादा जोडकलम घेतलेलं नसेल तर टोटल लॉस सोडून दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंगकाम यांचं काहीच मिळत नाही. समोरून ठोकर बसली तर नेमकं हेच फुटतं.

आणि हे सगळं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. वापराच्या मर्यादांचं कलम मराठीत देणं कंपन्यांना जड नाही, तरी सहसा देत नाहीत. यावर आपण लिहावं.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात. त्याआधी दुरुस्ती छापावी. व्हॅन ठरवताना पालकांनी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून वर्ग आणि विम्याची मुदत बघावी, एवढं तरी त्यात असू द्या.

– एक वाहनविमा सर्व्हेअर, परळ