कोकण किनाऱ्यावर ड्रोनने खनिजशोध : निविदेआधी या अटी घाला

मा. खनिकर्म मंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

रेडी ते देवगड हा किनारा पायी मोजणे कठीण. तुटलेले कडे, खाड्या, माडबागा, करवंदीच्या जाळ्या यांतून मॅग्नेटोमीटर (चुंबकक्षेत्र मोजणारे यंत्र) घेऊन सरळ ओळीत चालताच येत नाही. सर्वेक्षणाच्या विमानाला सड्याची (जांभ्याच्या पठाराची) धार संपताच खाली उतरता येत नाही, आणि दूरदूरच्या ओळींमधून खनिजाचे छोटे, भिंगाच्या आकाराचे साठे निसटतात. तिथे ड्रोनच हवा. पण केवळ ओळ-किलोमीटरवर (उडालेल्या ओळींच्या एकूण लांबीवर) पैसे ठरले, तर हाती नुसता रंगीत नकाशा येईल.

खरी अडचण जांभ्याची आहे. त्यातले मॅगहेमाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण उथळ आणि विस्कळीत चुंबकीय गोंगाट करतात. ड्रोन 25 मीटरवरून उडवला तर बव्हंशी तोच नोंदला जातो. उंची वाढली की हा गोंगाट झपाट्याने ओसरतो, खोलवरच्या धारवाडी (अतिप्राचीन) खडकाचा ठसा मात्र टिकतो. म्हणून तोच पट्टा 40 आणि 80 मीटर अशा दोन उंचींवरून मोजावा. ही उंची माडाच्या शेंड्यांसह केलेल्या नकाशावरून धरावी लागते, तेव्हा छायाचित्रणाचे उड्डाण आधी. उपग्रहाच्या 30 मीटर जाळीत कड्याची धार बोथट होते आणि ड्रोन आपटतो.

सेन्सर ड्रोनखाली 3 ते 5 मीटर दोरीवर टांगावा, नाहीतर मोटारींचे चुंबकत्व वाचनात मिसळते. वळणावर तो झुलतो, म्हणून प्रत्येक ओळ हद्दीबाहेर निदान 50 मीटर न्यावी. ओळी खडकांच्या पट्ट्यांना आडव्या, 50 मीटर अंतराने. त्यांना छेदणाऱ्या, वाचने पडताळणाऱ्या जोडओळी 500 मीटरवर. 25 चौरस किलोमीटरला साधारण 550 ओळ-किलोमीटर होतात. एका बॅटरीत 8 किलोमीटर धरले तर एका उंचीलाच सत्तरेक उड्डाणे. अंदाजपत्रक यावरून करावे.

उड्डाणे नोव्हेंबर ते मार्च, सकाळी लवकर. दुपारी खारा वारा सेन्सर हेलकावतो, शिवाय मध्यान्हीच्या सुमारास पृथ्वीचे चुंबकक्षेत्रच काही दहा नॅनोटेस्लांनी (चुंबकक्षेत्राचे एकक) हलते. ते वजा करण्यासाठी रस्ता आणि तारकुंपणापासून दूर स्थिर मॅग्नेटोमीटर हवाच. त्याच्या नोंदीशिवाय देयक मंजूर करू नये.

ड्रोन नियम 2021 नुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपेक्षा उंच उडण्यास परवानगी लागते. 80 मीटर म्हणजे सुमारे 262 फूट, तेव्हा चिपी विमानतळाच्या आसपासचे अर्ज शासनानेच आधी करावेत.

आणखी एक. झिजलेले हेमॅटाइट हे लोहखनिज क्षीण चुंबकीय असते. नकाशावरचा ठळक डाग म्हणजे साठा असे कुणी आपल्यापुढे मांडले, तर विंधनाचे (जमिनीत भोक पाडून काढलेले) नमुने मागा.

कच्ची वाचने भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाकडे जमा व्हावीत. कोणत्या गावावरून, कधी आणि कशासाठी उडणार, हे पहिल्या उड्डाणाआधी ग्रामसभेत मराठीत सांगावे. या मोजणीने कुणालाही खाणपट्टा मिळत नाही, हेही तिथेच लेखी द्यावे.

आपले,
किनारी सर्वेक्षणात काम करणारे भूभौतिकतज्ज्ञ