‘देवाचा कर्ता कोण?’ या प्रश्नाला इतक्या टाळ्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला निरीश्वरवादावरच्या व्याख्यानाचा वृत्तान्त वाचला. ‘ईश्वरवाद्यांची बोलती बंद’ हा मथळा आपल्या कचेरीत कोणाला सुचला? माझी बोलती बंद झाली हे खरं, पण ती वक्त्यांच्या युक्तिवादाने नव्हे. माझी चिठ्ठी सूत्रसंचालकांनी बाजूला ठेवली म्हणून. आपले प्रतिनिधी प्रश्नोत्तरांच्या आधीच उठून गेले. त्यांना तरी काय बोलावं, तोवर साडेआठ वाजून गेले होते. निरीश्वरवादावरचं व्याख्यान, आणि सुरुवात दीपप्रज्वलनाने! मग शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. प्रश्नांना उरली जेमतेम दहा मिनिटं.

मी चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी जे अनुमान मांडलं, त्याला आपलं उत्तर काय?’ सूत्रसंचालकांनी चष्मा वर-खाली करत ‘उदयन’ एवढंच मोठ्याने वाचलं आणि सभागृहात खसखस पिकली. त्यावर ते म्हणाले, ‘राजकीय प्रश्न आज घेणार नाही आहोत.’ पुन्हा हशा. साताऱ्यात उदयन म्हटल्यावर लोकांना दुसरं काय आठवणार, असं माझी धाकटी जाऊ घरी आल्यावर म्हणाली. असेलही. पण पुढे ‘आचार्य’ लिहिलं होतं, ‘ईश्वरसिद्धी’ लिहिलं होतं. चिठ्ठी पूर्ण वाचायला किती वेळ लागतो? मी उभी राहून सांगू लागले, तर ‘मावशी, आपण चहाच्या वेळी बोलू.’ चहा झाला. वक्ते सेल्फी काढून घेण्यात गुंतले होते.

हे उदयनाचार्य मिथिलेचे, दहाव्या शतकातले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित. ‘न्यायकुसुमांजली’ हा त्यांचा ग्रंथ ईश्वर आहे हे तर्काने सिद्ध करण्यासाठीच लिहिलेला. त्यांची एक आख्यायिका सांगतात. पुरीला दर्शनाला गेले तर देवळाचं दार बंद. तेव्हा जगन्नाथालाच त्यांनी सुनावलं, की ऐश्वर्याच्या मदात माझी अवज्ञा करतोस, पण बौद्ध चालून आले की तुझं अस्तित्व माझ्या हातात आहे. देवाशी असं बोलणारा आस्तिक आमच्या वक्त्यांना माहीत असता, तर ‘आस्तिक म्हणजे मान खाली घालून बसणारा’ हे त्यांचं वाक्य निदान सभागृहाबाहेर राहिलं असतं.

आता ज्या वाक्यावर कडकडाट झाला आणि आपण जे चौकटीत छापलंत, ते पाहा. ‘प्रत्येक गोष्टीला कर्ता असतो म्हणता, मग देवाचा कर्ता कोण?’ अहो, प्रत्येक गोष्टीला कर्ता असतो असं म्हणतंय कोण? नैयायिक म्हणतात, जे कार्य आहे, म्हणजे जे उत्पन्न झालं, त्याला कर्ता असतो. घडा आहे तर कुंभार असणार. जे उत्पन्नच झालं नाही त्याला हा नियम लागू नाही. तिकडे बगदादमध्ये शिकवणारे इस्लामी धर्मपंडित अल्-गझाली 1111 साली वारले, तेही हेच म्हणतात, की ज्याला आरंभ आहे त्याला कारण आहे. प्रतिपक्षाने न मांडलेला मुद्दा खोडायचा आणि टाळ्या घ्यायच्या, याला आमच्या वेळी वादविवाद स्पर्धेतसुद्धा गुण मिळत नसत.

खोडायचाच होता तर चांगल्या वाटा होत्या. सातव्या शतकातल्या बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तींनी विचारलं, घडा मातीचा आणि तो कुंभाराने केला, म्हणून मातीचं वारूळही कुंभारानेच केलं म्हणायचं का? घड्यासारख्या वस्तू कर्त्यावाचून होत नाहीत हे आपण पाहिलेलं आहे. डोंगर घड्यासारखा आहे हे कोणी ठरवलं? समोर आमचा अजिंक्यतारा उभा आहे, बघून सांगा. शिवाय कुंभाराला हातपाय असतात, मग जगाच्या कर्त्यालाही शरीर हवं. यावर नैयायिक म्हणतात, कर्ता व्हायला शरीर लागत नाही. ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न एवढं पुरे. हे उत्तर मला पटतं, पण पूर्ण नाही. आणि मीमांसक कुमारिल भट्ट! वेदांचा एवढा कट्टर पाठीराखा दुसरा सापडायचा नाही, पण सृष्टिकर्ता ईश्वर त्यांना मान्य नाही. करुणेपोटी सृष्टी केली म्हणता, मग करुणा कोणाची आली, तेव्हा तर कोणीच नव्हतं, असा त्यांचा सवाल. ‘वेद मानणारे सगळे ईश्वर मानतात’ हे वक्त्यांचं विधान आपण ठळक अक्षरांत छापलं आहे, म्हणून हे सांगावं लागतं. मी रोज विष्णुसहस्रनाम म्हणणारी बाई. नास्तिकांची बाजूही मीच मांडायची का?

आमच्या बाजूनेही त्या दिवशी दिवेच लागले. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘हवा दिसते का? मग देव दिसत नाही म्हणून नाही कसा?’ हवेला वजन असतं हे पाचवीचं पोर सांगेल. त्यांना मात्र माइक मिळाला, पूर्ण तीन मिनिटं. वक्त्यांना हवा होता तसाच प्रतिपक्ष मिळाला आणि आपल्याला मथळा.

पाश्चात्त्यांनी देव मोडीत काढला, हेही वक्त्यांचं एक झालं. अकराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित अॅन्सेल्म यांनी ‘ज्याहून थोर कल्पिता येत नाही’ अशा व्याख्येवरून देव सिद्ध केला, तेव्हा ‘मग सर्वांत उत्तम बेटही केवळ कल्पनेवरून सिद्ध होईल’ असं त्यांना ऐकवणारे गोनिलो स्वतः मठातले साधू होते. 1781 मध्ये या सगळ्या सिद्धता तपासून बाद करणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी नीतीसाठी ईश्वर ठेवलाच. उलट उदयनाचार्य जिंकले असं धरलं, तरी हाती येतो तो सृष्टीच्या आरंभी परमाणू हलवणारा कर्ता. त्याला नवस बोलावा की नाही, हे अनुमान सांगत नाही.

हे सगळं साताऱ्यात सांगावं लागतं याचं जास्त वाईट वाटतं. पलीकडे वाईच्या प्राज्ञपाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी घडले, ‘तर्कतीर्थ’ झाले आणि पुढे निरीश्वरवादी विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे गेले. ज्यावर टीका करायची ते आधी शिकून घेतलं त्यांनी. डॉ. श्रीराम लागू साताऱ्यात जन्मले, डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. लागू म्हणत देवाला रिटायर करा. दाभोलकर म्हणत अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे. एकाच व्यासपीठावर बसून दोघे हा मतभेद लोकांसमोर मांडत. एकमेकांची चिठ्ठी कोणी लपवत नसे.

तेव्हा वृत्तान्ताची दुरुस्ती छापा, निदान चौकटीतलं वाक्य तरी. वक्त्यांना उत्तर द्यायचं असेल तर त्यांनी आपल्याच अंकात द्यावं, मी वाचेन. पत्र लांबलं म्हणून कात्री लावणार असाल तर शाल-श्रीफळाचा मजकूर काढा, धर्मकीर्तींचा नको. मागच्या वेळी आपण शेवटच्या दोन परिच्छेदांसह माझा मुद्दाच काढून टाकला होता आणि उरलेल्या पत्राखाली पेठही चुकीची छापली होती. आणि हो, आमच्याकडे पाणी अजून पहाटे साडेचारलाच येतं. त्याबद्दलचं पत्र पावसाळ्यापूर्वी आपल्या कचेरीत हाती दिलं आहे. पोच नाही, छापलंही नाही.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका
यादोगोपाळ पेठ, सातारा