लस गाईला, वराह वाऱ्यावर

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: लाळ-खुरकूत नियंत्रणात वराहांचा आणि हवेतल्या प्रसाराचा विचार व्हावा

मा. मंत्रिमहोदय,

लाळ-खुरकुताच्या लसीकरणाचा विषय निघाला की बोलणे गाई-म्हशींवर येऊन थांबते. हवेतून होणाऱ्या प्रसाराचा हिशेब मांडला तर हे उफराटे आहे. लागण झालेला एक वराह गाईच्या हजार ते तीन हजार पट विषाणू उच्छ्वासातून सोडू शकतो (विषाणूच्या प्रकारानुसार कमी-जास्त), आणि गाईला मात्र श्वासावाटे गेलेला अगदी थोडा विषाणूही पुरतो. खुद्द वराहाला हवेतून लागण सहजी होत नाही; त्याच्याकडे ती खरकट्यातून, नव्या जनावराबरोबर किंवा गाडीच्या चाकाला लागून येते. म्हणजे रोग शेडमध्ये शिरतो बादलीतून आणि बाहेर पडतो वाऱ्याने.

मार्च 1981 मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या वराहांमधला विषाणू वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून सुमारे 250 किलोमीटरवरच्या आइल ऑफ वाइट बेटावरील गुरांपर्यंत गेला. जमिनीवर इतका पल्ला सहसा गाठला जात नाही. झाडी, चढउतार आणि उन्हाने वर उठणारी हवा विषाणू विरळ करते. शिवाय सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या खाली गेली की तो हवेत लवकर मरतो. विदर्भातल्या एप्रिलच्या दुपारी हा धोका नगण्य, पण कोकणातल्या श्रावणात, ढगाळ रात्री, मंद आणि एका दिशेने वाहणाऱ्या वाऱ्यात तो खरा. म्हणून वराहांचे लसीकरण पावसाळ्याआधी, मे महिन्यात संपायला हवे.

लस तेलयुक्तच हवी. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडवाली वराहांत नीट चालत नाही. पहिल्यांदा टोचताना महिनाभराच्या अंतराने दोन मात्रा, पुढे दर सहा महिन्यांनी एक. जागा कानामागे मानेच्या स्नायूत. सुई आखूड पडली तर लस चरबीत राहते, नोंदवहीत मात्र जनावर ‘लसीकृत’ होते. आपल्या आकडेवारीत वराहांचा रकाना जिल्हावार वेगळा छापावा, एवढे केले तरी बरेच उघडे पडेल.

निदानातला उशीर महागात पडतो, कारण विषाणू सर्वाधिक बाहेर पडतो तो सुरुवातीच्या काही दिवसांतच. गाईसारखी लाळेची तार वराहात सहसा दिसत नाही. तो आधी लंगडतो, गुडघ्यांवर टेकतो, उठवले की किंचाळतो. खुराच्या वरची कडा पांढुरकी पडते, तिथे फोड येतो, पुढे नखच सुटते. पालक म्हणतो, खरबरीत काँक्रीटने पाय सोलले. दूध पिणारी पिल्ले एकाएकी मेली तर ते हृदयाच्या स्नायूला झालेल्या इजेनेही असू शकते. फोडाची ताजी साल ग्लिसरीन-बफरमध्ये (विषाणू जिवंत ठेवणाऱ्या द्रावणात), बर्फावर ठेवून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवावी. फॉर्मॅलिनमध्ये बुडवली की विषाणू मेला. मग तो वाढवून तपासता येत नाही. तालुका दवाखान्यांत बफरच्या बाटल्या तयार असाव्यात, ही मागणी फार खर्चिक नाही.

हॉटेलचे खरकटे बंद होणार नसेल तर ते 90 अंश सेल्सिअसला सलग 60 मिनिटे, सतत ढवळत शिजवण्याची सक्ती करावी. ढवळले नाही तर तळ करपतो आणि मधला गोळा कोमट राहतो. कच्चे आणायची बादली वेगळी हवी, नाहीतर शिजवणे फुकट.

साथीत हवेत जंतुनाशक उडवण्याचे फोटो छान येतात. हवेतला विषाणू त्याने आवरत नाही. उलट जोरदार फवाऱ्याने शेण-मूत धुतले की तेच तुषार होऊन उडते. आधी ओले करून खरवडावे, साबणाने कमी दाबाने धुवावे, मग 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम धुण्याचा सोडा.

परदेशात पीआरआरएस या वराहांच्या प्रजनन व श्वसनाच्या विषाणूजन्य रोगासाठी शेडला हवा गाळणाऱ्या जाळ्या बसवतात. आपल्या उघड्या शेडना त्यांचा उपयोग नाही. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हवेतून जातो तो शेडमध्ये जवळच्या जवळ, तिथे मांस, गाड्या आणि माणसेच सांभाळावी लागतात. प्रत्येक रोगाला बाधित आणि निगराणी क्षेत्राचे एकच 1 आणि 10 किलोमीटरचे वर्तुळ आखणे सोयीचे आहे, पण लाळ-खुरकुतात ते वाऱ्याच्या दिशेने लांबवायला हवे, त्यासाठी हवामान खात्याची वाऱ्याची नोंद त्याच दिवशी मागवावी.

राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 माद्या व 10 नर वराहांच्या युनिटला 50 टक्के, कमाल 30 लाखांचे अनुदान मिळते. मंजुरीपूर्वीच्या पाहणीत पूर्वेला, म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या वाटेत, गोठे किती अंतरावर आहेत याची नोंद सक्तीची करावी. शेड उभी राहिल्यावर ती हलवता येत नाही.

आपले,
राज्यातील काही वराहपालक व पशुवैद्यक