इटलीहून परत आले, बाबांसाठी माणगावची एक गोष्ट आहे

ती. आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर सांगायला घेतलं की आई "जेवलीस का" पासून सुरू करते आणि बाबा लाईनवर आहेत की नाहीत तेच कळत नाही, म्हणून म्हटलं या वेळी सरळ लिहूनच काढते. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

तर इटली झाली. आम्ही चौघं होतो, मी, रूममेट, ऑफिसमधला कोचीचा मित्र आणि त्याची बायको. आई, तू विचारायच्या आधीच सांगते, रात्रीचं ड्रायव्हिंग अजिबात केलं नाही, अंधार पडायच्या आत मुक्कामाला. गाडी जास्त करून तोच चालवत होता आणि तो इतका सांभाळून चालवतो की मागचे हॉर्न देतील असं मलाच वाटायचं, पण इथे कोणी हॉर्न देत नाही, नुसतं चिकटून मागे येतात.

म्युनिकहून निघालं की ऑस्ट्रियाचा एक तुकडा ओलांडायचा आणि ब्रेनर खिंडीतून इटलीत उतरायचं. खिंड 1,370 मीटरवर आहे म्हणून मी वळणांची वाट बघत बसले, उलटीची गोळीसुद्धा घेतलेली, पण सगळा रस्ता पुलांवरून आणि बोगद्यांतून, घाट कधी चढलो ते कळलंच नाही. इन्सब्रुकच्या पुढे युरोपाब्रुक नावाचा पूल लागतो, खालच्या दरीपासून 190 मीटर उंच, 1963 चा. बाबा, तुम्ही पीडब्ल्यूडीत एवढी वर्षं काढलीत, तुम्ही असता तर गाडी थांबवायलाच लावली असतीत. इटलीत टोलला शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे भरायचे, आणि पिवळ्या लेनमध्ये जायचं नाही कारण ती टॅगवाल्यांची. आणि जुन्या शहरांच्या आत गाडी न्यायचीच नाही, कॅमेरे लावलेत, दंड घरी येतो. म्हणून सगळीकडे गाडी बाहेर लावून आत चालत. माझे गुडघे तुझ्यावर गेलेत आई, एवढं सिद्ध झालं.

पिसाचा मनोरा फोटोत दिसतो त्यापेक्षा जास्त कललेला वाटतो. बांधकाम 1173 साली सुरू झालं आणि खालची माती भुसभुशीत, दक्षिण बाजू खचत गेली. 1990 ला बंदच केला होता, मग उत्तरेकडच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून त्याला साधारण 45 सेंटीमीटर मागे आणला आणि 2001 ला परत उघडला. म्हणजे खचलेली बाजू उचलायची नाही, न खचलेली थोडी खचवायची! बाबा, हे तुम्ही मला कागदावर काढून समजावा, गाईडचं मला अर्धंच कळलं. तिथेच एका भट्टीत चेचिना खाल्ली, चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह ऑइल आणि मीठ, मोठ्या थाळ्यात भाजतात, आई ते अगदी तुझं बेसनाचं धिरडंच, फक्त ओवा नाही आणि जाड. मी दोनदा घेतली. ब्रेडचं मात्र नाव काढू नको, टस्कनीत ब्रेडला मीठच घालत नाहीत.

फ्लोरेन्सला गर्दी फार, काय बघितलं त्यापेक्षा रांगाच आठवतात. सिएनाचा चौक आवडला, उतरता आहे, लोक जमिनीवर पसरून बसतात, तिथेच जुलै-ऑगस्टमध्ये खोगिराशिवाय घोड्यांची शर्यत होते. मुक्कामाची जागा चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बुकिंग करताना कुठेही लिहिलेलं नव्हतं, जाऊ दे.

आता बाबांसाठी. पेरूजाच्या उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने म्हणून डोंगरावरचं एक छोटंसं गाव आहे. तिथे यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे. हो, तेच, माणगावच्या तहसील कचेरीत ज्यांचा पुतळा आहे, ज्यांच्यासमोर लहानपणी तुम्ही मला नमस्कार करायला लावायचात आणि मला कोण ते माहीत नसायचं. पळसगावचा मुलगा, मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक, दुसऱ्या महायुद्धात 10 जुलै 1944 ला याच खोऱ्यात लढताना गेला, 22 वर्षांचा. त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे जर्मन मशीनगनच्या माऱ्यात पडले किंवा जखमी झाले, तर हा एकटा धावून गेला, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना मारलं. मग लांबून गोळ्या लागल्या. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर. त्यांची कबर कुठेच नाही, कसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे, ते बरंच दक्षिणेला, तिकडे जाणं जमलं नाही.

मोंतोनेचं स्मारक 2023 च्या जुलैत झालं, सूर्यघड्याळाच्या रूपात, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं वाक्य लॅटिनमध्ये. मला वाटलं होतं बाकीचे तिघं कंटाळतील, पण वाटेत गाडीत मी सगळं सांगितलं होतं तर कोचीवाला म्हणाला आमच्या शाळेच्या पुस्तकात इटलीत लढलेल्यांचं एक अक्षर नव्हतं. पन्नास हजारांवर भारतीय सैनिक इथे लढले हो. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनाही इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, एप्रिल 1945 मध्ये सेनियो नदीवर, ते जिवंत परत आले.

नंतर गावातल्या एका बारमध्ये (आई, बार म्हणजे इथे कॉफीचं दुकान) काउंटरवरच्या आजोबांनी इंडिया का म्हणून विचारलं. मी फोनवर नकाशा उघडून माणगाव दाखवलं, मग बोटाने लहान करत करत मोंतोनेपर्यंत आणलं. त्यांनी चष्मा काढून फोन नाकाजवळ धरला, परत माणगावला नेऊन मोठं केलं आणि ट्रान्सलेटवर विचारलं, हे गाव डोंगरात आहे का, नदी आहे का. मी म्हटलं आहे, काळ नदी. कॉफीचे पैसे घेतले, पण बिस्किटं वर दिली.

बाबा, म्हणून एक काम आहे. गणपतीला गावी जाल तेव्हा माणगावला उतरून पुतळ्याचा नीट फोटो काढा, समोरून, मागची स्कूटर येऊ न देता. त्या आजोबांचा नंबर घेतलाय, पाठवते म्हणून सांगितलंय. आणि आई, थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटीच घ्यायची असते, चहाबरोबर नाही, दादा चुगली करतो माझ्याकडे. रविवारी फोन करते.

तुमची,
बबडी